करड्याची चौकशी

दिवसभर मी लोकांच्या दातांचे रंग जुळवते.
ऑपेरा हाउसच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर:
कवळ्या, कॅपा, एखादा सुटा सुळा.
पांढऱ्याच्या सोळा छटा हाताशी असतात,
कुणी नुसतं "पांढरा द्या" म्हणालं की मला हसू येतं.

म्हणून वाटलं होतं, करडा सोपा जाईल.

माझगावच्या खोलीत, टेबलावर, 'दुर्धरा' उभी आहे.
दीड वीत लांब, एकास साडेतीनशे.
तोफा बसल्या, डोलकाठी बसली,
कठड्याच्या तारा म्हणून माझेच केस ताणून लावलेत,
पांढरे सोडून.
फक्त अंग उघडं.
गेले चौदा महिने.

फोटो मिळाले सात.
पाच काळेपांढरे, त्यांत सगळं जगच करडं,
खलाशांचे ओठसुद्धा.
सहावा कधीकाळी रंगीत होता,
आता त्यातला समुद्र वांग्याच्या सालीसारखा.
सातव्यात अपोलो बंदरावर नवं जोडपं,
जहाज मागे, नवरीच्या कानाआड.
तिच्या शालूवरून हिशेब मांडू म्हटलं,
तर शालूचा रंगही घरात कुणाला आठवेना.

मग माणसांना विचारलं.
फिदेलिस कुटिन्हो, नऊ वर्षं तोफेवर:
"पारवा. कबुतराची पाठ. डोळे मिटले तरी दिसतो."
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
सिग्नलवाले धोंडसे म्हणाले, सुरमई.
डोळ्यांतला सुरमा की ताटातली?
"ताटातली कशाला," ते चिडले, "जाळ्यातली. जिवंत."

दारूखान्यात एकाने पत्र्याचा तुकडा दिला,
तळहाताएवढा, आईची शपथ, तिचाच.
विश्वास नाही बसला, पैसे मात्र दिले.
घरी कड तिरकी घासली, भिंगाखाली धरली.
अकरा पुटं.
करडा, करडा, निळसर करडा, एक शेवाळी, पुन्हा करडा,
आणि सगळ्यांच्या तळाशी शेंदूर.
शिशाचाच तो, मारुतीच्या अंगावर असतो तसा.
आमच्या गावच्या मारुतीची खोळ गळाली होती एकदा.
आतलं जे निघालं ते पाहून
गुरव एवढंच म्हणाला, झाका.

अकरांतलं अडुसष्ट सालचं कुठलं?

शेवटी सापडले इस्माईल परकार,
गोदीतले रंगारी, आता डोंगरीला लेकीकडे.
मी घोटून बनवलेली बावीस करड्यांची पट्टी
त्यांनी पत्त्यांसारखी पिसली आणि परत केली.
"बाई, रंग डब्यावर लिवलेला असायचा.
आतमधी येईल तो.
उजवी बाजू सकाळच्या टोळीनं मारली, झकास.
डावी आमची. आणि डबे संपत आले.
साहेब म्हणला, उद्या मंत्री येतोय.
मग काय, टर्पेंटाइन वाढवलं,
बॉयलरवाल्याकडचा काळा घातला चमचाभर.
डावी जरा मळकट दिसायची.
लांबनं नाय कळत."

"किती मळकट?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली,
कपाट, पातेली, नातवाचं दप्तर,
आणि दिव्याच्या बटणाभोवती
वर्षानुवर्षं बोटं लागून पडलेला डाग दाखवला.
"इतकी."

मी पट्टी भिंतीला लावून बघितली.
त्यांची लेक दारात, हातात चहा,
म्हणाली, रंग काढायचाच आहे यंदा, राहून जातं.
सतरा आणि अठराच्या मधला होता.

काल रात्री रंगवून झाली.
उजवी झकास. डावी परकारांच्या भिंतीची.
डिसेंबरात दादरच्या हॉलमध्ये
जाणकार वाकतील, चष्मे सरसावतील,
एका कुशीवरून दुसऱ्या कुशीकडे जातील,
आणि म्हणतील, बाईंचा रंग कमी पडला.

मी म्हणेन, हो.
पडला होता.